कोळशाच्या खाणीतील पाहुणे
(उधना येथील मराठीभाषक नागरिकांपुढे केलेल्या भाषणाची संहिता)



सुट्टीतील प्रवासाविषयी बोलण्यासाठी प्रसिद्धी अधिकाऱ्याला पाचारण केले म्हणजे तो अजिंठा, वेरूळ, रायगड आणि महाबळेश्वर यांची नावे क्रमाने घेणार आणि शेवटी माहितीपत्रके वाटणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. माहितीपत्रके मी आणलेली आहेत. ती दाराजवळच्या टेबलावर आहेत. परंतु आज मी आपणास निमंत्रण देणार आहे ते कोळशाच्या खाणीचे. जेथे ऊन नाही, वारा नाही, आणि मुक्कामाहून परतताना कपड्यांबरोबर नाकातोंडातही काजळी येते, अशा ठिकाणी पैसे खर्चून कोणी का जावे, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

उधन्याच्या माणसाला कोळसा अपरिचित नाही. येथून पूर्वेकडे जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर, जळगाव ओलांडून भुसावळला मिळतो. याच मार्गाने खानदेशातून हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या आणि कापड प्रक्रिया कारखान्यांच्या आश्रयाने येथे आली. याच मार्गाने उकाईच्या वीज केंद्रासाठी कोळशाच्या वाघिणी येतात. आपल्या सुरत जिल्ह्यातही मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे आणि मांडवी तालुक्यात तडकेश्वर येथे लिग्नाइट, म्हणजे कच्च्या प्रतीचा तपकिरी कोळसा, निघत आला आहे. तो जमिनीचे वरचे थर उकरून काढतात. वस्तानच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या वटवाघळांचे आणि अन्य सस्तन प्राण्यांचे अवशेष सापडले व जगभरच्या शास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष वेधले गेले. विदर्भातील दगडी कोळसा याहून फार प्राचीन आहे. त्याचे वय पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचे. ज्या वनस्पतींपासून तो झाला त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची वनस्पती प्रमुख होती. तिच्या पानांचे ठसे कामठी परिसरातील खडकांत मिळतात. त्या खडकसमूहाला भूशास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिले, आणि पुढे दक्षिण गोलार्धातील एका लुप्त महाखंडालाही तेच नाव मिळाले. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या मुलखाचे नाव अशा रीतीने जगाच्या भूगोलात गेले, ही गोष्ट आपल्या शाळांतून आवर्जून सांगितली पाहिजे.

महाराष्ट्रातील कोळशाच्या उद्योगाचा इतिहास वरोऱ्यापासून सांगता येतो. आज वरोरा म्हटले की बाबा आमटे यांचे आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वरोऱ्यास १८७१ मध्ये सरकारी कोळसा खाण सुरू झाली व ती १९०६ पर्यंत चालली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग नेला गेला तो या कोळशासाठी. त्या रेल्वेच्या नावातच कोळसा होता. वरोऱ्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, चंद्रपूर आणि नागपूरजवळ कामठी, सावनेर, उमरेड असा कोळशाचा व्याप वाढत गेला. १९७३ मध्ये या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपूरस्थित सरकारी कंपनीकडे येथील खाणी आल्या. छत्तीसगढी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी बोलणारी माणसे पोटासाठी तेथे आली, वसाहती झाल्या, मुले मराठी शाळांत शिकली. उधन्याच्या रहिवाशाला हे चित्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. येथे भाषा तेवढ्या बदलल्या आहेत.

आता भूमिगत खाण म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते ठाऊक असल्यावाचून तेथे जाण्यात अर्थ नाही. कोळशाचा थर जमिनीखाली पुस्तकाच्या पानासारखा, बहुधा किंचित उतरता, पसरलेला असतो. त्याच्यापर्यंत उभ्या विहिरीतून, पिंजऱ्यासारख्या पाळण्यात बसून, किंवा ज्याला 'इन्क्लाइन' म्हणतात अशा उतरत्या बोगद्याने जावे लागते. थरात पोहोचल्यावर सगळा कोळसा एकदम काढीत नाहीत. आधी उभ्याआडव्या गल्ल्या खणतात आणि मधले कोळशाचे चौकोनी खांब छताला आधार म्हणून तसेच ठेवतात. एखाद्या नियोजित नगराच्या आराखड्यात रस्ते आणि चौक असावेत तशी ती रचना दिसते. फक्त तेथे घरांच्या जागी कोळसा असतो. शेवटी, त्या भागातून माघार घेताना, हे खांबही काढले जातात. तेव्हा छत बसते किंवा ते बसू नये म्हणून रिकामी जागा पाण्याबरोबर सोडलेल्या वाळूने भरतात. कोळसा काढून सोडून दिलेल्या या भागाला खाणीत 'गोफ' म्हणतात आणि त्याच्या कडेला जुना कामगारही विनाकारण थांबत नाही.

खाणीतला माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विश्वास ठेवतो. छत काठीने ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर छत घट्ट, पोकळ आला तर वरचा थर सुटलेला. हे काम शिकलेल्या व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला 'सरदार' म्हणतात. पाळी सुरू होण्यापूर्वी तो आपला विभाग तपासतो आणि त्याच्या अनुमतीखेरीज तेथे कोणी कामाला लागत नाही. त्याच्या हातात पूर्वीपासून एक ज्योतीचा दिवा असे. जाळीने वेढलेला हा दिवा १८१५ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी सिद्ध केला. हवेत मिथेन वायू असला तर ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते, आणि प्राणवायू कमी असला तर ज्योत मंदावते. मिथेनचे हवेतील प्रमाण शेकडा पाच ते पंधरा असले तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून खाणीच्या तोंडाशीच काडेपेटी, विडी, सिगारेट काढून घेतात, आणि आता भ्रमणध्वनीही. येथे पाहुण्याला आणि व्यवस्थापकाला नियम एकच. कोळशाची हवेत उडणारी भुकटीही पेट घेते, म्हणून गल्ल्यांतून चुनखडीची पांढरी पूड पसरतात. काळ्या खाणीत पांढऱ्या भिंती पाहून प्रथमच आलेल्या माणसाला नवल वाटते. पण तो पांढरा रंग त्याच्याच जिवाच्या रक्षणासाठी असतो.

या दक्षता कोणत्या अनुभवातून आल्या ते सांगणे माझे कर्तव्य आहे. १९५४ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात परासियाजवळील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून साठांहून अधिक कामगार बुडाले. त्या वेळी तो जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत जुन्या कामातील साठलेले पाणी फुटून आत आले आणि ३७५ माणसे गेली. 'काला पत्थर' हा १९७९ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला पार्श्वभूमी या दुर्घटनेची होती. पुढे १९८९ मध्ये राणीगंज भागातील महावीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा वरून नवीन छिद्र पाडून त्यातून पोलादी कुपी खाली सोडण्यात आली आणि अडकलेल्यांपैकी ६५ जणांना एकामागून एक वर काढण्यात आले. अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः खाली उतरले होते. खाण पाहावयास जाणाऱ्याने या तिन्ही घटना मनात ठेवून जावे.

पाहुण्यांना खाणीत नेण्याची कल्पना नवी नाही. वेल्समधील ब्लेनाव्हन या गावची 'बिग पिट' ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये प्रेक्षकांसाठी उघडली. तेथे पाहुण्यांना शिरस्त्राण, कपाळावरचा दिवा आणि कमरेला त्याची विद्युत्‌घटमाला देतात. संकटसमयी श्वास घेण्याचे उपकरणही पट्ट्याला असते. मग पाळणा तीनशे फूट खाली जातो. घोड्यांचे तबेले तेथे जमिनीखाली आहेत आणि त्यांवर घोड्यांची नावे आहेत. दारे उघडण्या-मिटण्याचे काम लहान मुले अंधारात बसून करीत. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना भूमिगत कामास मज्जाव झाला. वाटाड्या सर्वांना दिवे विझवावयास सांगतो. तेव्हा जो काळोख होतो त्याची तुलना आपल्या घरातील वीज गेल्यावरच्या अंधाराशी करता येत नाही, कारण घरात कोठून तरी उजेडाची तिरीप येतेच. आणि हे सारे सांगणारा वाटाड्या स्वतः खाणीत काम केलेला असतो, हे त्या स्थळाचे खरे वैभव आहे. २००० मध्ये हा सारा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

जर्मनीत एसेन येथील त्सोल्फेराइन खाण १९८६ मध्ये बंद झाली व २००१ मध्ये त्याच यादीत गेली. जपानमधील हाशिमा हे समुद्रातील खाणीचे बेट १९७४ मध्ये ओस पडले आणि २००९ पासून तेथे पर्यटक जातात. इंडोनेशियातील सावाहलुंतो येथे डच राजवटीत साखळदंडांनी बांधलेले कैदी कोळसा खणीत. तेथील बोगदा आज पाहता येतो आणि त्या कैद्यांची कथा लपविली जात नाही. यांपैकी त्सोल्फेराइन आणि हाशिमा येथे पर्यटक मुख्यत्वे जमिनीवरील इमारतीच पाहतात, प्रत्यक्ष कोळशाच्या थरापर्यंत ते जात नाहीत, ही बाब आपण ध्यानात ठेवावी. तिचे कारण आता सांगतो.

किल्ला पडिक राहू शकतो. राजगड किंवा रायगड यांच्याकडे दीर्घकाळ कोणी लक्ष दिले नाही, तरी तट आणि दरवाजे काही ना काही उरले, आणि पुढच्या पिढीला ते पाहता आले. भूमिगत खाण अशी थांबत नाही. जमिनीखालचे पाणी सतत झिरपत असते आणि चालू खाणीत पंप ते अहोरात्र बाहेर टाकीत असतात. मोठा पंखा हवा खेळविीत असतो. ज्या दिवशी पंप थांबतात त्या दिवसापासून पाणी चढू लागते. पंखा थांबला की वायू साठतो, लाकडी आणि लोखंडी टेकू कुजतात, कोळसा हवेच्या संपर्काने आपोआप तापून पेटूही शकतो. म्हणून बंद खाणीची तोंडे चिरेबंद करतात, आणि ते योग्यच करतात. अशी बुजविलेली खाण वीस वर्षांनी पर्यटनासाठी उघडू असे कोणी म्हणाले, तर त्याला खाण म्हणजे काय ते ठाऊक नाही असे समजावे.

याचे एक उदाहरण सर्वांनी अभ्यासावे असे आहे. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात चॅटर्ली व्हिटफील्ड नावाची मोठी खाण होती. ती १९७७ मध्ये बंद झाली आणि १९७९ मध्ये तेथे संग्रहालय उघडून लोकांना खाली नेण्यास प्रारंभ झाला. काही वर्षे सर्व उत्तम चालले. मग काही मैलांवरची वोल्स्टँटन ही दुसरी खाण बंद झाली, तिचे पंप थांबले, आणि जमिनीखालून जोडलेल्या कामांतून पाणी व वायू संग्रहालयाच्या बाजूस येण्याचा धोका उभा राहिला. मूळ गल्ल्या सोडून द्याव्या लागल्या. जमिनीलगत खोटी खाण बांधून १९८६ मध्ये तीच दाखविण्यास सुरुवात झाली. १९९३ मध्ये संग्रहालयच बंद पडले. म्हणजे एका खाणीचे पर्यटन दुसऱ्याच खाणीच्या पंपावर अवलंबून होते. खाणींचे नकाशे शेजाऱ्यांच्या नकाशांसह पाहावे लागतात, ते याकरिता.

प्रतिकृती टाकाऊ असते असे मात्र मी म्हणणार नाही. बोखुम येथील जर्मन खाण संग्रहालयाखाली वीस मीटर खोलीवर केवळ दाखविण्यासाठी बांधलेल्या गल्ल्या आहेत. तेथे कधी कोळसा निघाला नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तेथून शिकून गेले आहेत. वृद्धांना, लहान मुलांना, दम्याचा विकार असणाऱ्यांना प्रतिकृतीच योग्य.

महाराष्ट्रात या दिशेने पहिले पाऊल पडले ते २०१६ मध्ये. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी एकत्र येऊन नागपूर जिल्ह्यातील सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण यांच्या सहलींची योजना आखली. सावनेरला खाणीच्या परिसरात उद्यान उभारले असून भूमिगत खाण कशी असते हे समजण्यासाठी तेथे प्रतिकृतीही केलेली आहे. चालू खाणीत पाहुणे नेणे हे धाडसाचे काम होते आणि ते अंगावर घेणाऱ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. छत्तीसगढमध्ये सुरजपूर जिल्ह्यातील केनापारा येथे सोडून दिलेल्या खुल्या खाणीत साठलेल्या पाण्याचे तळे करून नौकाविहार सुरू झाला आहे. तोही उपक्रम चांगला आहे. पण तळ्यात नाव वल्हविणाऱ्याला खाण कळत नाही, हेही खरे.

माझे म्हणणे एवढेच की, आपल्याकडे खरोखरची बंद भूमिगत खाण, जिथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळसा तोडला तीच, पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय व्हावयाचा असेल तर तो खाण बंद होण्यापूर्वी झाला पाहिजे. वर्धा खोऱ्यातील आणि पेंच-कन्हान भागातील जुन्या भूमिगत खाणींचा कोळसा संपत येतो आणि त्या एकेक करून थांबतात. २००९ पासून केंद्र शासनाच्या कोळसा मंत्रालयाने प्रत्येक खाणीसाठी ती बंद करण्याचा आराखडा आधीच तयार करणे व त्या खर्चाची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे आवश्यक केले आहे. त्या आराखड्यात जमीन सपाट करणे, झाडे लावणे, विहिरींची तोंडे बुजविणे यांची नोंद असते. त्यातच एखाद्या निवडक खाणीपुरता एक परिच्छेद वाढावा असे मला वाटते: तोंडाजवळच्या, उथळ आणि टणक छताच्या दोन-चार गल्ल्या राखाव्यात, त्या बाकीच्या कामापासून भक्कम भिंतीने तोडाव्यात, त्यांच्यापुरता पंखा आणि पंप चालू ठेवावा, आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाने पाहून मान्य केल्याखेरीज एकही पाहुणा आत जाऊ नये. याला खर्च येईल आणि तिकिटांतून तो भरून निघणार नाही. माझ्या खात्याच्या माणसाने असे उघड बोलावे की न बोलावे, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु संग्रहालये आणि ग्रंथालये आपण तिकिटांच्या हिशोबावर चालवीत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. राष्ट्रीयीकरणाच्या आधी खासगी मालकांच्या काळात डोक्यावर टोपली घेऊन कोळसा भरणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यानंतर भरती झालेले अनेकजण निवृत्त झाले, काही मूळ गावी परत गेले. वाटाड्या म्हणून नेमावयाचा तो यांच्यातलाच असावा. शिकविलेले वाक्य पाठ म्हणणारा तरुण आकडे बरोबर सांगेल. पण काठीने छत ठोकून 'हे ऐका, आता हे ऐका' असे म्हणणे त्याला जमणार नाही. खाणीत गेल्यावर कामगाराचा वेश चढवून छायाचित्र काढण्याची हौस सर्वांनाच असते. ती भागवावी, त्यात गैर काही नाही. फक्त त्यानंतर वाटाड्याला विचारावे की, त्याची पहिली पाळी कोणत्या वेळची होती, घरी कोण वाट पाहत असे, भोंगा अवेळी वाजला तर वसाहतीत काय होत असे. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला हे प्रश्न सुचतील. आपणास ते कोणी शिकवावयास नको.

भगिनींसाठी एक खुलासा. भारतातील कोळसा खाणींत स्त्रिया पूर्वी पतीबरोबर जमिनीखाली काम करीत. १९२९ च्या नियमांनी हे काम टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येऊन १९३७ मध्ये पूर्ण बंदी झाली. महायुद्धात कोळशाची टंचाई पडली तेव्हा १९४३ मध्ये ती शिथिल केली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू केली. २०१९ मध्ये तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या पदांवर स्त्रियांना भूमिगत कामाची अनुमती मिळाली. पाहुणी म्हणून उतरण्यास तर संकोचाचे कारणच नाही. साडीऐवजी पायांत न अडकणारा पोशाख मात्र घालावा.

ज्यांना जावयाचे आहे त्यांनी नागपूरपर्यंतचा प्रवास रेल्वेने करावा. तेथून सावनेर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. निघण्यापूर्वी महामंडळाच्या नागपूर येथील कार्यालयात चौकशी करून सहली कोणत्या दिवशी आहेत आणि किती जणांचा गट लागतो, ते निश्चित करून घ्यावे. खाणीच्या कामाच्या सोयीनुसार यात बदल होतात, आणि चौकशी न करता गेलेल्याला फाटकावरून परत यावे लागेल. पायांत बंद बूट असावेत. हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास असेल तर तो आधीच सांगावा. चंद्रपूरकडे जाणे झाले तर वरोऱ्यास उतरून आनंदवन पाहावे आणि या गावापर्यंत रेल्वे कशासाठी आली हे बरोबरच्या मुलांना सांगावे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी, सासरी किंवा माहेरी, बल्लारपूर, राजूर, कामठी, परासिया या भागात खाणीत काम केलेले वडीलधारे असतील, तर त्यांचा हजेरीचा पितळी बिल्ला, जुना दिवा, वेतनाची चिठ्ठी यांपैकी काहीही भंगारात देऊ नये. आज सभेनंतर मी येथे तासभर आहे. अशा वस्तू किंवा आठवणी ज्यांच्यापाशी असतील त्यांनी कृपया माझ्याकडे नाव नोंदवावे. आता आपले प्रश्न असतील तर ते घेतो.